वजनकाट्यावरची चांदी



अमेरिकेतल्या आमच्या एका भाच्याला शनिवार-रविवारी ‘इस्टेट सेल’ धुंडाळायचा नाद आहे. तिकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याचं सामान त्याच घरात मांडून विकतात. हा भिंग घेऊन जातो. काळ्या पडलेल्या चमच्याच्या पाठीवर चालणारा सिंह दिसला की ती इंग्लंडची चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, बिबट्याचं मुंडकं असेल तर लंडनची. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरं असतील तर नुसता मुलामा. हे सगळं तो कष्टाने शिकला, त्याबद्दल शाबासकी. पण विकणाऱ्याला पत्र्याची वाटलेली चांदीची डबी चार डॉलरला उचलायची आणि ‘घबाड मिळालं’ म्हणून चारचौघांत मिरवायचं, याचं कौतुक मला जमणार नाही.

तो म्हणतो, “मामा, त्यांनी मागितले तेवढे मी दिले.” अरे, बाजारात भाजीवालीशी आपण घासाघीस करतो, कारण वांगं तिलाही कळतं आणि आपल्यालाही. इथे एकाच्याच डोळ्यांवर पट्टी आहे. ती दिसत असून गप्प बसणं याला हुशारी म्हणायचं का?

आणि हे फक्त तिकडेच चालतं असं समजू नका. आमच्या तळ्यात मे महिन्यात मुंबईकर मंडळी बंद घरं उघडतात, माळे रिकामे करतात. ताम्हण, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी, सगळं मोडीच्या काट्यावर. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या वर गेली, तेव्हापासून तर हात जास्तच शिवशिवतात. भांड्याच्या काठावर कोणी कोणाला, कोणत्या साली दिलं ते ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं. मुशीत पहिलं ते जातं. कच्छच्या ओमरसी मावजींची नक्षीची भांडी आज जगभरचे संग्राहक वजनाच्या कितीतरी पट किमतीला घेतात. काट्याला मावजी कळत नाहीत.

“मी घेतलं नसतं तर आटवलंच असतं,” हा दुसरा बचाव. त्यात तथ्य आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून जुन्या वस्तू जमवल्या, म्हणून कितीतरी वस्तू वाचल्या. पण १९७५ साली त्यांनी तो अख्खा संग्रह सरकारच्या हवाली केला. आज तिकीट काढून कोणीही तो बघू शकतो. वस्तू वाचवणं आणि वस्तू लाटणं यात एवढा फरक आहे.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि त्या परस्पर परदेशी नेता येत नाहीत. पण घेणाऱ्याने खरं बोलावं, हे कायदा कसा शिकवणार? ते घरातच शिकायचं असतं.

म्हणून दोन्हीकडच्या नातेवाइकांना सांगतो. विकणाऱ्यांनो, काट्यावर ठेवण्याआधी भांडं उलटं करा, नाव वाचा, खुणेचा फोटो काढा, दोन जाणकारांना दाखवा. आणि घेणाऱ्यांनो, तुम्हाला जे दिसलं ते आधी सांगा, मग भाव करा. आपल्या ज्ञानाची मजुरी खुशाल घ्या. पण नवऱ्यामागे घर आवरणाऱ्या बाईकडून तिच्या अज्ञानाचा दंड वसूल करू नका.

भाचेबुवा, राग आला तर फोन कर. मी घरीच आहे.