एक सकाळ रानवाटेची

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा संपल्या, पापड-कुरडया डब्यांत गेल्या. आता एक सकाळ स्वतःसाठी काढाच! पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. १८९५ साली ते तिथे जन्मले. रोहा-मुरूडच्या हद्दीत फणसाड अभयारण्य आहे, १९८६ साली घोषित झालेलं. तिथे शेकरू दिसावं म्हणून मान वर ठेवून चालायचं!

उन्हं चढायच्या आत फिरून या. पायांत बूट, पिशवीत पाणी हवंच. आमराईत खाली पडलेली कैरीही विचारूनच उचला. कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं ते. वाटेत कातकरी बायका करवंदं विकतात. काटे सोसून तोडलेली असतात ती, तेव्हा घासाघीस नको.

आणि "सकाळचा चहा कोण करील?" म्हणाल, तर ज्याला हवा, तो करील!