पूल उभा राहिला, वर्ग मात्र वेगळेच

बोस्नियातलं मोस्तार आपल्याला माहीत आहे ते तिथल्या उस्मानी काळातल्या पुलामुळे. नोव्हेंबर 1993 मध्ये तो तोफांनी पाडला, 2004 मध्ये पुन्हा बांधला. शाळांचं काय? शहरातल्या जुन्या जिम्नॅशियममध्ये बोस्नियाक मुस्लिम आणि क्रोएट कॅथलिक मुलं एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या अभ्यासक्रमाने शिकत आली. भाषेचं नावसुद्धा वेगळं. बोलताना एकमेकांचं सगळं कळतं, तरीही!

त्याच इमारतीत 2006 मध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा आणि वसतिगृह. बोस्नियाक, क्रोएट, सर्ब आणि परदेशी मुलं एकत्र. आम्हा शिक्षकांच्या मते खरा फरक वर्गात नाही, खोलीत पडतो. रोजा म्हणजे काय, हे तासाभराच्या सर्वधर्म कार्यक्रमात कळत नाही. सहरीला उठणारा रूममेट असला की कळतं.

पण ही मुलं निवडक. बाकीच्या मोस्तारची शाळा राजकारण्यांच्या हातात, आणि वेगळी मतं वेगळ्या वर्गांतूनच पिकतात.

याच संस्थेचं कॉलेज 1997 पासून पुणे जिल्ह्यात, मुळशीत आहे. गरजेनुसार शिष्यवृत्तीही मिळते. आपल्याकडे मात्र बोर्डिंग म्हणजे श्रीमंतांचं, आणि मुलगी असेल तर विषयच बंद. खरी अडचण दुसरीच आहे : तिथलं शिक्षण इंग्रजीत. उर्दू-मराठी माध्यमातल्या मुलांची ती तयारी आठवीपासून हवी, दहावीच्या निकालानंतरच्या धावपळीत ती होत नाही.