बखर, दफ्तर आणि एक ‘ग्रेटेस्ट हिट्स’

१/ एखाद्या गायकसमूहाचे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संकलन ऐकले की त्या समूहाचा इतिहास हाती आला, ही समजूत आज सर्वमान्य आहे. या धाग्यात तिच्याविरुद्ध मांडणी करायची आहे. उदाहरण एकच घेऊ: ऑगस्ट १९६७ मध्ये अमेरिकेतील मोटाउन कंपनीने बाजारात आणलेले ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स : ग्रेटेस्ट हिट्स’. दोन तबकड्या, वीस गाणी.

२/ आधी पार्श्वभूमी. १९५९ मध्ये डेट्रॉइट शहरातील शाळकरी वयाच्या चार कृष्णवर्णीय मुलींनी ‘द प्रायमेट्स’ नावाचा समूह सुरू केला. त्यांत फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस होत्या. जुळवाजुळवीत पुढाकार बॅलर्डचा होता. १९६१ मध्ये मोटाउनशी करार झाला, तेव्हा नवे नाव हवे होते. सुचवलेल्या नावांतून ‘द सुप्रीम्स’ हे नाव निवडले तेही बॅलर्डनेच. १९६२ पासून समूहात या तिघीच उरल्या.

३/ पहिली काही वर्षे मोठे यश आले नाही. १९६४ मध्ये ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि चित्र पालटले. त्यानंतर लागोपाठ चार सिंगल्सनी तेच स्थान मिळवले. १९६७ च्या मध्यापर्यंत पहिल्या क्रमांकाची दहा गाणी या समूहाच्या नावावर जमा झाली होती. हे ‘नावावर’ कोणत्या नावावर, हाच या धाग्याचा विषय आहे.

४/ ती दहाही गाणी प्रथम प्रसिद्ध झाली ‘द सुप्रीम्स’ या नावाने. १९६४ ची तबकडी घ्या, १९६५ ची घ्या किंवा १९६७ च्या वसंतातील ‘द हॅपनिंग’ घ्या. लेबलवर एवढेच दोन शब्द आहेत. तिघींपैकी कोणाचेही नाव वेगळे काढलेले नाही. इतिहासाच्या परिभाषेत सांगायचे तर हा समकालीन आणि अस्सल कागद होय.

५/ १९६७ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. समूहाचे नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झाले, आणि बॅलर्डला समूहातून दूर करून तिच्या जागी सिंडी बर्डसाँग आली. पुढच्याच महिन्यात हे संकलन निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर नवे नाव होते, आत मात्र १९६३ ते १९६७ या काळातील जुनी गाणी होती. म्हणजे नवे नाव मागे नेऊन जुन्या कामावर चिकटवले गेले.

६/ मराठी वाचकाला ही क्रिया अनोळखी वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली होती. बखर घटनेनंतर लिहिली जाते, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते आणि लिहिण्याच्या वेळची सत्तास्थिती भूतकाळावर लादते. म्हणून आधी दफ्तर पाहावे, मग बखर.

७/ ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा बखरीचाच प्रकार आहे. सुटी तबकडी हे दफ्तर. त्या त्या महिन्याचा, त्या त्या नावाचा पुरावा. संकलन मागाहून होते, मालकाच्या आज्ञेने होते, आणि संकलनाच्या क्षणी जो गादीवर असेल त्याच्या नावाने मागील सर्व पराक्रम लिहून टाकते. बखर टाकाऊ नसते. ती ज्या काळाविषयी लिहिली त्यापेक्षा ज्या काळात लिहिली त्याविषयी अधिक सांगते, एवढेच.

८/ पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘मुख्य स्वर रॉसचाच होता, मग तिचे नाव पुढे आले तर बिघडले काय?’ स्वर तिचाच होता, हे निर्विवाद. तिच्या त्या बारीक, धारदार आवाजाशिवाय ही गाणी कल्पिता येत नाहीत. पण प्रश्न गुणवत्तेचा नाही. १९६४ मध्येही मुख्य स्वर तिचाच होता आणि तरीही लेबलवर नाव समूहाचे होते. गायन बदलले नाही, नोंद बदलली.

९/ दुसरा आक्षेप: ‘संकलन फक्त खपाच्या निकषावर होते, त्यात राजकारण कुठले?’ मग गाण्यांची यादी पाहा. ‘आस्क एनी गर्ल’ हे ‘बेबी लव्ह’च्या तबकडीच्या मागच्या बाजूचे गाणे. ‘स्टँडिंग ॲट द क्रॉसरोड्स ऑफ लव्ह’ हेही असेच मागच्या बाजूचे. दोन्ही या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये आहेत. म्हणजे ‘हिट’ नसलेल्या गाण्यांनाही आत जागा होती.

१०/ जागा नव्हती ती १९६१ च्या ‘बटर्ड पॉपकॉर्न’ला. ते सिंगल म्हणून निघाले होते, गाजले नव्हते. त्यात मुख्य स्वर फ्लॉरेन्स बॅलर्डचा होता. ते वगळण्यामागे द्वेषच होता असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि माझे म्हणणे तसे नाहीही. परिणाम मात्र स्पष्ट आहे: वीस गाणी ऐकून उठणाऱ्या श्रोत्याला या समूहात दुसराही मुख्य आवाज होता, हे कळण्याची सोय उरली नाही.

११/ हे एकाच समूहाबाबत घडले असेही नाही. त्याच सुमारास मोटाउनमध्ये ‘द मिरॅकल्स’चे ‘स्मोकी रॉबिन्सन अँड द मिरॅकल्स’ झाले, ‘मार्था अँड द व्हँडेलाज’चे ‘मार्था रीव्हज अँड द व्हँडेलाज’ झाले. एक व्यक्ती पुढे, बाकीचे समूहवाचक नामात. नाव पुढे असलेली व्यक्ती उद्या स्वतंत्र कलाकार म्हणून उभी करता येते आणि मागचे समूहनामही चालू ठेवता येते. हे व्यापारी धोरण होते आणि ते यशस्वी ठरले.

१२/ आता त्याच धोरणाचे दुसरे टोक पाहा. १९६९ चे ‘समडे वुई विल बी टुगेदर’ हे डायना रॉस असतानाचे समूहाचे शेवटचे सिंगल. लेबलवर नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. प्रत्यक्षात मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग या गाण्यात गायलेल्याच नाहीत. साथीचे स्वर स्टुडिओत बोलावलेल्या इतर गायिकांचे आहेत. १९६७ मध्ये गायलेल्यांचे नाव मागे सारले गेले, १९६९ मध्ये न गायलेल्यांचे नाव वापरले गेले. दोन्ही वेळा नावाचा मालक कंपनीच होती.

१३/ नावांच्या याही खाली एक निनावी थर आहे. या गाण्यांचा ठेका, बास, पियानो वाजवणारे डेट्रॉइटचे स्टुडिओवादक पुढे ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखले गेले. ‘यू कान्ट हरी लव्ह’चा उसळता बास जेम्स जेमर्सनचा. साठच्या दशकातील मोटाउनच्या वेष्टनांवर या वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती झळकली. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ऐकून जेमर्सन कळत नाही, कारण तो कळावा अशी त्या वस्तूची रचनाच नव्हती.

१४/ तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ‘मोटाउन ही कृष्णवर्णीय मालकीची कंपनी. बेरी गॉर्डी यांनी कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ती १९५९ मध्ये उभी केली आणि वर्णभेदाने ग्रासलेल्या बाजारपेठेत कृष्णवर्णीय कलाकारांना अव्वल स्थान मिळवून दिले. तिच्या दोषांवर बोट ठेवणे कृतघ्नपणाचे नव्हे काय?’ ते कर्तृत्व मोठे आहे, यात शंका नाही. परंतु मुक्तीच्या कथेतही वेतनपत्रके असतात, करार असतात आणि वगळलेली नावे असतात. त्यांचा हिशेब मागितल्याने कथा लहान होत नाही.

१५/ आणि नाव ही केवळ मानाची बाब नव्हती. बॅलर्डने बाहेर पडल्यावर एबीसी रेकॉर्ड्ससाठी स्वतंत्र गायनाचा प्रयत्न केला. पण विलग होतानाच्या अटींनुसार पूर्वीची ‘सुप्रीम’ म्हणून स्वतःची जाहिरात करण्यास तिला मनाई होती. जे नाव तिने निवडले, ते उच्चारण्याचाही अधिकार तिला उरला नाही. गाण्यांना यश आले नाही. १९७१ मध्ये मोटाउनविरुद्ध तिने केलेला दावा टिकला नाही. पुढे घर गेले, सरकारी साहाय्यावर दिवस काढावे लागले. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी ती वारली.

१६/ तिच्या आयुष्यातील सर्व दुःखांचे खापर एका मुखपृष्ठावर फोडणे अनैतिहासिक ठरेल. मद्याचे व्यसन होते, चुकवलेले कार्यक्रम होते, सहकाऱ्यांशी वितुष्ट होते. हे सारे नोंदलेले आहे. परंतु कारणे कितीही असली तरी १९६४ मध्ये तिने गायलेले गाणे १९६७ मध्ये न गायलेले होत नाही. माणूस समूहातून काढता येतो. झालेल्या कामातून काढता येत नाही, काढल्यासारखे फक्त दाखवता येते.

१७/ १९८८ मध्ये या समूहाला अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तेथे नोंद आहे ‘द सुप्रीम्स’ अशी, आणि सदस्य म्हणून रॉस, विल्सन व बॅलर्ड या तिघींची नावे आहेत. दफ्तराने बखरीला दिलेले हे उत्तर. ते आले तेव्हा बॅलर्डच्या मृत्यूला बारा वर्षे झाली होती.

१८/ म्हणून विनंती एवढीच. संकलन जरूर ऐका. बिलबोर्डच्या यादीत हेही पहिल्या क्रमांकावर गेले ते उगाच नव्हे, वीसही गाणी आजही टवटवीत आहेत. पण एखादे गाणे पुढे पाठवताना, त्याविषयी लिहिताना, ‘साठच्या दशकातील सर्वश्रेष्ठ’ अशा याद्या करताना मूळ तबकडीचे वर्ष आणि मूळ तबकडीवरील नाव लिहा. ‘बेबी लव्ह’, १९६४, द सुप्रीम्स. नोंद इतकी छोटी आहे, आणि तिघीही तिच्यात मावतात.