आधी वाट, मग गाडी

अमेरिकेत डोंगरवाटांवर हिंडण्यासाठी दोघे शेजारीशेजारी बसतील अशा छोट्या चारचाकी गाड्या मिळतात. त्यांना ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. नवी गाडी घेताना बहुतेकजण प्रथम अश्वशक्ती विचारतात. माझ्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न रुंदीचा!

यूटामधील पायूट ट्रेलचा मुख्य फेराच सुमारे ४४० किलोमीटरांचा. तिकडच्या सरकारी जंगलांतील कित्येक वाटा ५० इंचांहून रुंद गाडीला बंद असतात. तेथे ६४ इंची दांडग्या गाडीची सारी ताकद फाटकापाशी संपते.

मग अरुंदच घ्यावी काय? तसेही नाही. अरुंद गाडी वळणावर, उतारावर कलंडण्याचा धोका अधिक. यामाहाच्या ‘राइनो’ गाड्या उलटून माणसे दगावली. २००९ मध्ये कंपनीला त्यांची मागची चाके स्पेसर घालून बाहेर सरकवून द्यावी लागली. म्हणून अरुंद वाटेचा हट्ट धरणाऱ्याने वेगाचा हट्ट सोडलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती रबरी पट्ट्यावरून पुढे जाते. तो भर रानात तुटला, तर अश्वशक्ती काय कामाची? जादा पट्टा जवळ हवा आणि तो बदलण्याचा सराव घरीच करावा.

आमच्याकडे बैलगाडी करायची तर पाणंद किती रुंद, हे सुताराला आधी सांगत. शहाणपण तेच आहे. आधी वाट मोजावी, मग पैसे मोजावेत.