स्कीची निवड : पट्टी आधीं कीं बंधन आधीं?

तिवशास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि आमच्या जिल्ह्याचें थंड हवेचें ठिकाण जें चिखलदरा, तेथेंही हिंवाळ्याची मजल धुक्यापलीकडे जात नाहीं. अशा मुलुखांतील शाळेच्या वार्षिकांत बर्फावर घसरण्याच्या साधनांची चर्चा पाहून कित्येक वाचक गालांतल्या गालांत हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. परंतु आमच्याकडून शिकून गेलेलीं मुलेंमुली आज पुण्यास व बंगळूरास नोकऱ्या करितात, कांहीं जर्मनींत व कॅनडांत स्थायिक झालीं आहेत, आणि हिंवाळ्याच्या सुटींत गुलमर्गास, औलीस किंवा आल्प्स पर्वतांत स्कीसाठीं जाण्याची हौस त्यांस लागली आहे. तीं जीं छायाचित्रें आम्हांस पाठवितात, त्यांत पायांतील लांब पट्ट्यांचा रंग आणि त्यांवरील कारखानदाराचें नांव ठळक दिसतें. बूट व पट्टी यांस जोडणारें जें लहानसें यंत्र, ज्यास बाइंडिंग म्हणतात, तें मात्र एकाही छायाचित्रांत नीट दिसत नाहीं, व त्याविषयीं कोणी अवाक्षरही काढीत नाहीं. पदार्थविज्ञान शिकविण्यांत आमचा जन्म जात असल्यामुळें हें पाहून आम्हांस गप्प बसवत नाहीं.

हा खेळ श्रीमंतांचा आणि परक्यांचा. त्याची उठाठेव वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या मुलांनीं कां करावी, असा एक आक्षेप आहे. श्रीमंतीचा भाग खरा आहे. त्याविषयीं पुढें बोलूं. परकेपणाचा आक्षेप मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं बर्लिनला जाऊन कबड्डी वगैरे आपले खेळ तेथील लोकांस दाखवून आला. त्यांनीं आमचे खेळ कौतुकानें पाहावे आणि आम्हीं त्यांच्या खेळाकडे पाठ फिरवावी, हा कोठला न्याय? शिवाय स्की आतां केवळ त्यांची राहिलेली नाहीं. गुलमर्गाचा स्की क्लब १९२७ सालीं इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं काढला हें खरें. पण आज तेथें भारत सरकारच्या पर्यटन खात्याची स्की शिकविणारी संस्था आहे, आणि त्याच भागांतील आरिफ महंमद खान हा तरुण २०२२ सालीं बीजिंगच्या हिंवाळी ऑलिंपिकमध्यें उतरला.

आतां मुद्द्याकडे येऊं. आमचें म्हणणें असें कीं, हौशी माणसानें आधीं विचार करावयाचा तो बूट व बाइंडिंग यांचा, आणि पट्टीचा सर्वांत शेवटीं. बाजार मात्र नेमका उलट्या क्रमानें विचार करावयास लावतो.

पट्टी सुमारें दीड मीटर किंवा त्याहून लांब असते, आणि कडक बुटामुळें घोट्यास फारसें वळतां येत नाहीं. पडतांना पट्टीचें टोंक बर्फांत अडकलें व शरीर तसेंच वळत गेलें, म्हणजे ती पट्टी नडगीच्या हाडास पिळणारी तरफ होते. दांडा जितका लांब तितकें बळ अधिक, हा तरफेचा नियम वर्गांतील लहान मुलांसही पाठ असतो. तेव्हां पायास पट्टी धरून ठेवणारें बंधन असें पाहिजे कीं, तें काम चालूं असतां सुटूं नये, आणि पाय मोडण्याच्या अगोदर मात्र खात्रीनें सुटावें. शेतकऱ्याच्या मुलास हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. जुवाचें जोतें बैलाच्या मानेस धरून ठेवतें; पण बैल पडला कीं शहाणा गाडीवान आधीं जोतें सोडतो, मग गाडीकडे पाहतो. वेळेवर न सुटणारें जोतें म्हणजे गळफांसच. स्कीवर जोतें सोडणारा गाडीवान कोणी नसतो. जोत्यानेंच आपली वेळ ओळखावी लागते.

ही युक्ति मनुष्यास फार उशिरां सुचली. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील सोंद्रे नोर्हेम यानें १८६८च्या सुमारास वळलेल्या फांद्यांच्या पिळानें टाच बांधण्याची रीत लोकांस दाखविली. तेव्हांपासून पट्टी पायाच्या ताब्यांत आली, परंतु पायही तिच्या ताब्यांत गेला. पुढें चामड्याचे पट्टे आले, पोलादी तारा आल्या, बंधन घट्ट होत गेलें, आणि पाय मोडणें हें या खेळाचें नित्याचें दुखणें होऊन बसलें. अमेरिकेंत जाऊन राहिलेला नॉर्वेचा नामांकित खेळाडू यालमार ह्वाम हा १९३७ सालीं पाय मोडून इस्पितळांत पडला असतां त्यास आपोआप सुटणाऱ्या बंधनाची कल्पना सुचली, आणि १९३९ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. स्वतःचा पाय मोडल्यावर त्यानें नशिबास दोष न देतां यंत्रास दिला, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

आजच्या बाइंडिंगाचे दोन भाग असतात. चवड्यापुढील भाग पाय पिळला असतां बाजूस सुटतो. टाचेमागील भाग माणूस तोंडघशीं जाऊं लागला असतां वर उघडतो. सुटलेली पट्टी उतारावर धांवत जाऊन दुसऱ्यास लागूं नये म्हणून दोन लहान कांटे आपोआप खालीं पडून बर्फांत रुततात. दोन्ही भागांत स्प्रिंग असते, आणि ती किती ताणली आहे हें दाखविणारा आंकडा वरून वाचतां येतो. हौशी लोकांच्या बाइंडिंगावर हे आंकडे बहुधा ३ पासून १० किंवा ११ पर्यंत असतात. आपला आंकडा कोणता, हें आवडीनिवडीनें ठरत नाहीं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधील लांबी, आणि खेळण्याची तऱ्हा — सावध, मध्यम कीं धाडसी — या पांच गोष्टींवरून कोष्टक पाहून तो काढितात. वयाचीं पन्नास वर्षें झालीं कीं तो एक पायरी खालीं आणितात.

पहिल्या चार गोष्टी मोजतां येतात किंवा कागदावर सांपडतात. पांचवी मात्र माणसाच्या शब्दावर अवलंबून असते, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो. दुकानदार विचारतो, "आपण कशा प्रकारें खेळतां?" चार दिवसांचें शिक्षण झालेला तरुण, शेजारीं मित्रमंडळी उभी असल्यामुळें, "मध्यम" म्हणून सांगतो, जरा अधिक पाणीदार असला तर "धाडसी" म्हणतो. त्या एका शब्दानें स्प्रिंग आवळली जाते. पुढें हा धाडसी वीर सौम्य उतारावर अगदीं सावकाश, वळतां वळतां पडतो. धक्का थोडा, पीळ मात्र पुरा. आणि आवळलेलें बंधन जागचें हालत नाहीं. वजन चोरून सांगणारे लोकही आहेत. त्यांच्या बाबतींत उलट होतें: बंधन सैल राहतें, आणि पडण्याचें कांहीं कारण नसतां भर उतारावर पट्टी निसटते. खुर्चीवर बसून विचार केला तर दोन्ही गोष्टी हास्यास्पद वाटतात. पण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतील पगारावर घरचें कर्ज फेडीत असलेला मुलगा गुडघा मोडून सहा-आठ महिने लंगडत बसला, तर त्याच्या आईबापांस हंसूं येणार नाहीं.

मल्लखांबाची गोष्ट निराळी. एरंडेल लावलेला सागवानी किंवा शिसवी खांब एकदां रोवला कीं त्यावर आखाड्यांतील सारीं पोरें चढतात. खांब कोणाचें वजन विचारीत नाहीं, म्हणून खोटें सांगण्याचा प्रसंगच येत नाहीं. स्कीचें साधन ज्याचें त्यासच लागू करावें लागतें. मित्राची जोडी मागून पायांत घालणें म्हणजे त्याच्या चष्म्यानें वाचावयास बसण्यासारखें आहे. फरक इतकाच कीं, चष्म्यानें फार तर डोकें दुखतें.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार बहुधा आपण होऊन सांगत नाहीं. सुटणाऱ्या बंधनामुळें नडगीचीं हाडें मोडण्याचें प्रमाण पुष्कळ खालीं आलें. गुडघ्याच्या आंतील अस्थिबंध तुटण्याचें तितकें आलें नाहीं. मागें कलून पडतांना गुडघ्यावर जो पीळ येतो, तो साधारण बाइंडिंगास नेहमींच ओळखतां येत नाहीं. तेव्हां उंची बाइंडिंग घेतलें म्हणजे निर्धास्त झालों, असें कोणीं समजूं नये. शिवाय बुटाखालीं बर्फ थापला गेला असेल तर उत्तम बाइंडिंगही नीट बसत नाहीं व नीट सुटत नाहीं. प्रत्येक वेळीं तळ खरडून मगच पाय ठेवावा. एवढ्या साध्या गोष्टीचा आळस करणारे शेंकड्यानें भेटतात.

बुटाची लांबी सेंटिमीटरमध्यें मोजतात. ताठ उभें राहिलें असतां अंगठा पुढें किंचित् टेकावा, आणि गुडघे वांकविले कीं तो थोडा मागें यावा, इतका बूट घट्ट हवा. आमच्याकडील मुलें थंडीच्या भीतीनें दोन-दोन मोजे चढवितात आणि त्यासाठीं एक माप मोठा बूट घेतात. मग पाय आंतल्या आंत हिंडतो, पट्टी ऐकत नाहीं, आणि थंडी वाजावयाची ती वाजतेच. एकच पातळ मोजा पुरे. बुटाच्या तळाचेही आतां निरनिराळे नमुने आहेत: जुन्या धर्तीचा सपाट तळ, चालण्यास सोईचा बांकदार ग्रिपवॉक तळ, आणि चढाईच्या बुटांचा त्याहून वेगळा. प्रत्येक बाइंडिंगास प्रत्येक तळ चालत नाहीं. हें दुकानांतच विचारून घ्यावें.

पट्टीविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. नवशिक्यास हनुवटीपासून नाकापर्यंत पोंचणारी, मध्यभागीं ७५ ते ८५ मिलिमीटर रुंद व लवचीक पट्टी बस्स होते. गुलमर्गाच्या वरच्या उतारांवरील खोल, मऊ बर्फासाठीं १०० मिलिमीटरहून रुंद पट्ट्या वापरतात. पण तेथें जाण्याची योग्यता ज्यास आली, त्यास आमच्या सल्ल्याची गरज उरलेली नसते.

राहिला पैशाचा प्रश्न. वर्षांतून सात दिवस बर्फ पाहणाऱ्या मनुष्यानें पट्ट्या विकत घेणें आम्हांस शुद्ध उधळपट्टी वाटते. गुलमर्गास साधन भाड्यानें मिळतें, आणि परदेशांत राहणाऱ्यांस तर सबंध हंगामाकरितां जोडी भाड्यानें देणारीं दुकानें पुष्कळ ठिकाणीं आहेत. पैसे हातांत असलेच तर आधीं आपल्या पायाचे बूट घ्यावे, कारण दुसऱ्यांच्या पायांनीं ढिला झालेला बूट आपल्या पायास क्वचितच नीट बसतो. वापरलेल्या जुन्या पट्ट्या स्वस्त मिळतात म्हणून त्यांवर उडी घालणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कारखानदार आपल्या फार जुन्या बाइंडिंगांची हमी कांहीं वर्षांनीं काढून घेतात, आणि हमी गेलेलें बाइंडिंग जुळवून देण्यास पुष्कळ दुकानें साफ नकार देतात. तशी जोडी पदरीं पडलीच असेल तर ती बैठकीच्या भिंतीवर टांगावी. पाहुण्यांस दाखविण्यास ती चांगली दिसेल.