घरातल्या घरात चालताना

एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या आठवड्यात आले. त्यांचे वय बावन्न. मधुमेहाला सहा वर्षे झाली आहेत. परदेशी नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी नाताळात आईसाठी ट्रेडमिल पाठविली. पहिल्याच दिवशी यंत्राने बाईंना मागे फेकले, गुडघा सोलला, आणि तेव्हापासून त्याच्या दांडीवर टॉवेल वाळत आहेत. चिरंजीव फोनवर रोज विचारतात, “आई, चाललीस का?” आणि आई रोज “चालले” असे सांगते. “ह्या खोट्याची मला लाज वाटते,” असे त्या लिहितात. पुढल्या फोनच्या वेळी त्यांना खरे सांगता यावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

पत्रावरून अपघाताचे कारण स्पष्ट दिसते. बाई स्थिर पट्ट्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ‘६’ असे लिहिलेली कळ दाबली. पुष्कळ यंत्रांवर ३, ६, ९ अशा तयार वेगाच्या कळा असतात. हे आकडे ताशी किलोमीटरचे. आणि सहा किलोमीटर म्हणजे गाडी चुकण्याच्या बेतात असलेल्या माणसाचे चालणे. बाजाराची पिशवी सावरीत आपण ज्या गतीने घरी येतो ती चाराच्याही खालीच असते. तेव्हा दोष बाईंच्या पायांचा नव्हे.

ह्या यंत्राची भीती वाटणे मुळीच हास्यास्पद नाही; त्याचा पूर्वज तुरुंगातला आहे. विल्यम क्युबिट ह्या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक प्रचंड चाक बसविले. कैदी तासन् तास चढत, पायऱ्या खाली जात, आणि माणूस होता तेथेच राही. १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा इंग्लंडातून गेली. नाव मात्र मागे उरले. पुढे डॉक्टरांनी ह्या नावाला अब्रू मिळवून दिली. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस ह्यांनी १९६३ साली हृदयाच्या परीक्षेची जी पद्धत मांडली ती आजही वापरात आहे. तिच्यात पट्ट्याला चढ दिलेला असतो, परंतु पहिल्या तीन मिनिटांचा वेग ताशी अवघा २.७ किलोमीटर असतो. हृदयाची कसोटी घेणारा वैद्यही जेथे इतक्या सावकाश आरंभ करतो, तेथे आपण घाई का करावी?

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर एकेक पाय ठेवून उभे राहावे. दोरी असलेली सुरक्षा-किल्ली यंत्रात घालून दोरीचा चिमटा कपड्यास लावावा. तोल जाऊन आपण मागे गेलो की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. पहिल्या दिवशी चिमटा लावून, कडेवर उभ्या असतानाच, दोरी मुद्दाम ओढून पाहावी. यंत्र थांबलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की निम्मे भय जाते. मग सर्वांत कमी वेगावर पट्टा सुरू करून दांडी धरावी व एकेक पाऊल ठेवावे. चढ शून्यच असू द्यावा. पाच मिनिटे दोनच्या वेगाने, पाच मिनिटे तीनच्या, आणि पुन्हा तीन-चार मिनिटे दोनच्या. पहिला आठवडा एवढेच पुरे. साडी नेसून मात्र चढू नये. निऱ्या आणि पदर ह्यांना चालत्या पट्ट्याचे वावडे आहे. सलवार-कमीज घालावा, ओढणी बाजूला ठेवावी.

दांडीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण नवशिक्यांची खरी फसगत तेथे होते. दांडीला लटकून चालले की शरीराचा भार हातांवर जातो, पाठ वाकते, आणि यंत्र आपले भले मोठे आकडे दाखवीतच राहते. त्या आकड्यांना आपण लटकलो आहोत हे कळत नाही. ज्या वेगात हात सोडता येत नाहीत तो वेग आपला नव्हे, तो उतरवावा. नजर पायांकडे नको, समोरच्या भिंतीकडे असावी. खाली पाहिले की पावले तिरकी पडू लागतात. चालताना जपमाळेची प्रार्थना मोठ्याने म्हणता आली तर वेग योग्य आहे. गाणेही सुखाने गाता येऊ लागले तर थोडा वाढविण्यास हरकत नाही. मात्र आधी मिनिटे वाढवावीत, मग वेग, आणि चढ सर्वांच्या शेवटी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. तेथे पोहोचावयास दोन-तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही. उतरल्यावर जमीन सरकल्यासारखी वाटते. डोळे आणि पाय ह्यांचा हिशेब जुळावयास क्षणभर वेळ लागतो; तोवर दांडी धरून उभे राहावे.

मधुमेहात हे चालणे विशेष मोलाचे आहे, कारण काम करणारे स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनवाचूनही ओढून घेतात. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेही उपयोगी पडतात. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साखर किती असता चालू नये हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि ग्लुकोजची पूड हाताशी ठेवावी. अनवाणी कदापि चालू नये. ह्या रोगात पाय बधिर होतात व फोड आलेला कळतही नाही. रोज रात्री तळवे पाहावेत. छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, घेरी, ह्यांपैकी काही जाणवले तर तत्क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

यंत्राच्या मागे निदान दोन मीटर जागा मोकळी हवी. बाईंचे यंत्र भिंतीला पाठ लावून उभे आहे असे पत्रावरून दिसते. ते आधी फिरवून घ्यावे, चिरंजीवांच्या मित्रांपैकी कोणास तरी बोलवावे. आणि मे महिन्यात नातवंडे येणार आहेत म्हणतात. पट्ट्याखाली लहान हात सापडला तर कातडी सोलवटते. सबब चालून झाले की प्लग काढावा, आणि ती लाल दोरीची किल्ली कपाटात, औषधांच्या डब्याशेजारी ठेवावी.