चासीला हात लावू नका

आमच्या भागात आता बैलगाडीपेक्षा पिकअप जास्त दिसतात. लातूरच्या आडतीला सोयाबीन आणि तूर, अर्धापूरकडून केळी, हाळी हंडरगुळीच्या बाजारातून जनावरं, लग्नाचा मांडव, देवाची पालखी, सगळं हिच्याच हौद्यात. गाव हिच्यावर चालतं म्हणायला हरकत नाही. म्हणून हिच्याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. कुणाला राग आला तर येऊ दे.

हल्ली पोरांना नवीन खूळ लागलंय, गाडी खाली बसवायचं. मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअप दिसतात. पोट जमिनीला टेकलेलं, चाकं मडगार्डात शिरलेली. पोरगं बघतं आणि गॅरेजला जाऊन म्हणतं, "मामा, मलाबी अशी करून द्या." मामाही नाही म्हणत नाही. त्याच्याकडं गॅस कटर आहे, वेल्डिंगचं मशीन आहे, आणि संध्याकाळी घरी न्यायला पैसे पाहिजेत.

आता हे करतात कसं, ते वाचणाऱ्याला नीट कळावं. पिकअपची मागची बाजू पाट्यांवर उभी असते. एक्सल खाली, त्याच्यावर पाटे आणि पाट्यांवर चासी. गाडी खाली आणायला पाटे एक्सलच्या खाली घेतात. गाडी चार-सहा इंच बसते. पण आता एक्सल आणि चासी यांच्यात जागाच उरत नाही. पहिल्या खड्ड्यात एक्सल चासीवर आदळतो. मग त्याला वर यायला जागा करायची म्हणून चासीचा लोखंडी पट्टा खालून कमानीसारखा कापतात. वर एक पत्रा जोडला, रंग मारला की झालं काम. बाहेरून कुणाला काही कळत नाही.

ज्यांनी माळवदाचं घर बघितलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. नाट नेहमी उभं बसवायचं, आडवं नाही, हे निरक्षर सुतारालाही ठाऊक होतं. वजन पेलतं ते लाकडाच्या उंचीवर. भरीव लाकडाची उंची निम्मी केली तर ताकद निम्मी होत नाही, पाव होते. चासीचा पट्टा भरीव नसतो, त्यामुळं हिशोब थोडा वेगळा पडतो, पण नियम तोच. आणि ही कापतात कुठं? बरोबर एक्सलच्या वर, जिथं मागच्या लोडाचा सगळा मार बसतो. माळवदाच्या मधल्या नाटाला कुणी खाच पाडून त्याखाली लेकरं झोपवली असती का?

वेल्डिंगचं तर आणखी वेगळं. माणसाला वाटतं, जोड पक्का लागला म्हणजे काम झालं. पण तडा बहुतेक वेळा जोडात जात नाही, जोडाच्या कडेला जातो. तिथलं लोखंड तापून त्याचा मूळ गुण बदललेला असतो. चाकाला धाव चढवताना लोहार ती किती तापवायची आणि पाणी कधी मारायचं ते डोळ्यांनी जोखायचा. आगीचा मान ठेवायचा तो. इथं बीडी तोंडात धरून घाईघाईत टाके घालतात, आणि तडा आतल्या आत महिनोन्‌महिने वाढत राहतो. तुटते ती भरल्या गाडीसकट, उतारावर.

"अमेरिकेत चालतंय, मग आपल्याकडं का नाही?" असं एक पोरगं मला म्हणालं. बाबा रे, तिकडं ही हौस कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी वाढवली. ते गाडी शनिवार-रविवारी मिरवायला काढायचे. जाणकार कारागीर कापलेल्या जागी मूळच्यापेक्षा जाड प्लेटचा आधार घालतो. तरी तिथंही सरकारनं किती खाली बसवायची याला मर्यादा घातलीच. तुझी गाडी सोमवारी सोयाबीन नेणार, मंगळवारी खत आणणार, आणि बुधवारी मुखेड-जळकोटच्या डोंगरातून पंधरा बाया काढणीला आणणार. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीत उतरणार. ही मिरवायची गाडी नाही, राबायची आहे.

दुसरं कारण सांगतात ते जास्त शहाणपणाचं वाटतं. हौदा खाली आला की म्हैस, बैल चढवायला सोपं. देवणी, लालकंधारी बैल उंच चढताना बिचकतात, हे खरं आहे. पण त्याला उपाय मातीचा धक्का आहे. बांधाला गाडी मागं लावा. चार पाट्या मुरूम टाकला की काम भागतं. त्यासाठी चासी कापायची म्हणजे दार बुटकं पडलं म्हणून नवरदेवाचे पाय तोडायचे.

काही जण म्हणतील, गरिबाचा जुगाड आहे, शहरातल्यांनी नाक मुरडू नये. मीही जुगाडाच्या विरोधात नाही. आमची शेती जुगाडावरच उभी आहे. मोटारीला घरचा स्टार्टर लावा, जुन्या पिपाची चाळणी करा. बिघडलं तर तुमचं एक दिवसाचं काम बुडेल. चासी मोडली तर मरतं ते मागं बसलेलं माणूस. त्याला कुणी विचारलेलं नसतं. तीनशे-चारशे रुपये रोजासाठी पहाटे गाडीत चढलेल्या बाईला हौद्याखाली काय कापलंय ते ठाऊक नसतं. मुळात माल वाहायच्या गाडीत माणसं बसवणंच चुकीचं. पण एसटी वेळेवर येत नाही तिथं हे थांबलेलं नाही, हेही तितकंच खरं. मग निदान तिच्या खालचं लोखंड तरी शाबूत ठेवा.

कायदा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरवलं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावता येणार नाही असं सांगितलं. मालवाहू गाडीची पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. एमएच 24 असो की एमएच 26, पासिंगला गाडीखाली वाकून बॅटरी मारली तर कापलेली चासी लपत नाही. वाकायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे. दंडाची पावती रस्त्यावर फाडण्यापेक्षा तिथं वाकणं सोपं आहे आणि स्वस्तही.

पोरांनो, हौस करा. मागं आईचं नाव लिहा, गोंडे लावा, रंग द्या, पुढं लिंबू-मिरची बांधा. गॅरेजवाल्या मामांनो, तुम्हीही एवढं करा. चासीवर कटर धरायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारा, "हिच्यात तुझी माय बसणार हाय का?" तो हो म्हणाला तर कटर खाली ठेवा. नाही म्हणाला तरी ठेवा, कारण कुणाची तरी माय बसणारच आहे.